चार स्क्रूंच्या आतली पन्नी

मकबूलभाई, शैलेशने तुम्हाला फसवलं, आणि तुम्ही मला फसवलं.

ही दोन वाक्यं मला तुमच्या शोकसभेत बोलायची होती. पहिलं बोललो. दुसऱ्याच्या आधी माइकचा स्टँड माझ्या हातात आला आणि तो शैलेशच्या खांद्यावर बसला, म्हणून दुसरं राहिलं. चौघांनी मला उचलून हॉलच्या बाहेर टाकलं. पायरीवर भुवई फुटली, तीन टाके पडले. टाके घालताना डॉक्टरने विचारलं, "मारामारी कुठं झाली?" मी म्हटलं, "शोकसभेत."

तुम्ही असता तर माझ्या भुवईकडे पाहिलंच नसतं. म्हणाला असता, "स्टँडला काय झालं? वाकला का? आण इकडं."

आता हे आमच्या फोटोग्राफर मंडळाच्या वार्षिक अंकासाठी लिहितोय. संपादकांनी पानं दिली आणि वर बजावलं, "बालाजीराव, हात खिशात ठेवून लिहा." ते कसं जमायचं ते त्यांनाच माहीत. प्रयत्न करतो.

शैलेशने त्या दिवशी तुमच्या फोटोखाली उभं राहून दोन बोटांत एक रिंग धरली होती. लग्नात अंगठी दाखवतात तशी सगळ्या हॉलला फिरवून दाखवली. म्हणाला, "डोकं माझं होतं, हात चाचांचे होते." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमचा दफनविधी होऊन आठ दिवस झाले नव्हते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसत नाही. मधे धातूचं एक कडं लागतं. त्याला अडॅप्टर म्हणतात, आम्ही रिंग म्हणतो. बाजारात ती स्वस्तात मिळते आणि बहुतेक वेळा तिरकी असते. तो तिरकेपणा डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण फोटोची एक बाजू लख्ख येते आणि दुसरी धुरकट. मकबूलभाई, तुम्ही ती रिंग सरळ करून द्यायचात. मराठवाड्यात हे काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. शैलेशला आजही येत नाही.

मला हे तिरकेपण काय असतं ते देगलूरच्या एका लग्नात कळलं. नाक फुटल्यावर कळलं.

तेव्हा माझ्याकडे हप्त्यावर घेतलेला एक कॅमेरा होता आणि नवी लेन्स घ्यायची ऐपत नव्हती. हिमायतनगरला एक स्टुडिओ बंद पडला होता. त्याच्या मालकाशी दोन तास घासाघीस करून मी त्याची जुनी जर्मन लेन्स उचलली आणि ऑनलाइन मागवलेली रिंग लावून देगलूरची ऑर्डर घेतली. लग्न छान झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी सत्काराच्या जेवणाला मांडवात पडदा लावला होता आणि आदल्या दिवशीचे फोटो एकामागून एक चालू होते. पंगत जेवत होती. मी भात कालवत होतो.

आधी एक मावशी उठल्या. मग एक काका. मग मला ऐकू आलं, "आमच्याकडचे सगळे धुरकट कसे काय?"

मी पडद्याकडे पाहिलं. मुलीकडचे लोक उजवीकडे उभे होते, साडीची जर मोजून घ्यावी असे स्पष्ट. मुलाकडचे डावीकडे, आणि एकाही फोटोत त्यांच्यातल्या एकाचंही नाक नीट दिसत नव्हतं. अक्षता, सप्तपदी, विहिणींची भेट, प्रत्येक फोटोत तसंच. वराचे आजोबा मुंबईहून विमानाने आले होते आणि त्यांचा सगळ्या लग्नात एक डाग झाला होता.

"पोरीकडच्यांनी किती दिलं रे तुला?" वराची आत्या ओरडली.

मी म्हटलं, "आत्याबाई, मशीनचा दोष हाय."

"मशीनला बरं आमचंच सोयरं वळखू आलं!"

त्यानंतर मला बोलायला मिळालं नाही. पहिला ठोसा वराच्या मेहुण्याने मारला. दुसरा कुणी मारला ते दिसलं नाही, कारण तोवर माझ्या तोंडावर कुणीतरी फेटा आवळला होता. मी कॅमेरा पोटाखाली घेऊन पालथा पडलो आणि पाठीवर खुर्च्या मोजल्या. आता हसू येतं. तेव्हा वाटलं होतं, उठलो तर एखाद्याला आचाऱ्याच्या कढईत घालीन. मुलीकडच्यांनी सोडवलं, त्यामुळे मुलाकडच्यांची खात्रीच झाली.

उदगीरचा एक व्हिडिओवाला त्या लग्नात होता. त्याने मला उदगीरच्या एसटी स्टँडवर सोडलं आणि म्हणाला, "कॅमेरा चांगला हाय, लेन्स चांगली हाय, मधलं कडं तिरकं हाय. लातूरला जा. गंजगोलाईच्या मागं मकबूल घड्याळवाला."

मी घरी नांदेडला गेलोच नाही. उदगीरहून सरळ लातूरला आलो. शर्टावर रक्त वाळलेलं, नाकात कापूस. तुमचं दुकान म्हणजे जिन्याखालची पट्टी. भिंतीवर बंद घड्याळं आणि मधे तुम्ही, डोळ्यात भिंग अडकवलेले. मी दारात उभा राहिलो. तुम्ही माझ्या हातातली रिंग घेतली, उजेडात फिरवली, आणि म्हणालात, "किसने मारा तेरे कू? मुलाकडच्यांनी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डावी बाजू जाती इसमें. डावीकडं मुलाकडचे उभे राहतात."

मला वाटलं हा माणूस जादू करतो. मग तुम्ही मजुरी सांगितली आणि मी सवयीने तिची निम्मी बोललो. मी आईच्या पोटातून घासाघीस करत आलोय, कुणी फुकट देत असेल तर वर पिशवी मागतो. तुम्ही चिडला नाहीत. रिंग माझ्या हातावर ठेवलीत.

"ठीक. अर्धीच सरळ करतो. बोल, कुणाला साफ आणायचं? मुलाकडचे की मुलीकडचे?"

नाक दुखत असताना मी हसलो. त्या हसण्यात मी हरलो, मकबूलभाई. नंतर इतक्या वर्षांत तुमच्याशी भाव करून एकदाही जिंकलो नाही.

तुमची पद्धत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तुमच्याकडे एक जाड काच होती. तुमच्या अब्बांनी भिंतीवरच्या एका मोठ्या घड्याळाचं दार काढून ती जपून ठेवली होती, कारण इतकी सपाट काच पुन्हा मिळाली नाही असं ते म्हणत. त्या काचेवर तुम्ही तेलाचा थेंब टाकायचात आणि त्यात डोळ्यात घालायचा सुरमा कालवायचात. पातळ काळा थर. मग रिंगचे चार स्क्रू सोडवून वरचं कडं काढायचं, त्या काचेवर अलगद टेकवायचं, एकदाच फिरवायचं. कडं उचललं की जिथं उंचवटा असेल तिथं काळं लागलेलं असायचं. तेवढंच काळं दगडावर घासायचं. पुन्हा सुरमा, पुन्हा काच. सगळ्या गोलाला सारखं काळं लागेपर्यंत.

मी विचारलं, "सुरमाच का?"

"डोळ्यासाठीच तर चाललंय सगळं."

मग भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढायचा. तारखांच्या चौकटीतली बारीक अक्षरं चारी कोपऱ्यांत वाचता आली पाहिजेत. पंख्याने कॅलेंडर हलायचं, म्हणून तुम्ही डावीकडे उभे राहून हाताने ते भिंतीला दाबून धरायचात. घासूनही एक ना एक कोपरा हट्टाने धुरकटच राहायचा, मग तुम्ही खिशातून गोळ्यांचं पाकीट काढायचात, त्याच्या पाठीची पन्नी कापायचात, उघडी पडलेली गोळी कागदाच्या पुडीत बांधायचात, आणि तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा एका स्क्रूजवळ कड्याखाली सरकवायचात. कागद फुगतो, पत्रा जाड होतो, पन्नीच बरोबर बसते, असं तुमचं म्हणणं. मी विचारलं होतं, "कसल्या गोळ्या खाता?" तुम्ही म्हणालात, "उमर की."

मला वाटलं पित्ताच्या असतील. इथं तुम्ही मला पहिल्यांदा फसवलं.

त्या दिवसापासून मी धंदा बदलला. लग्नं कमी केली. कंधार, देगलूर, हिमायतनगर, जिथं जिथं रिळाचे स्टुडिओ बंद पडले तिथं गेलो, धूळ खात पडलेल्या लेन्सा गोणीत भरून आणल्या, आणि प्रत्येक लेन्सला तुमच्याकडून तिची रिंग करून घेतली. एका लेन्सची रिंग दुसरीला लावलेली तुम्हाला खपत नसे, कारण प्रत्येक जुन्या लेन्सचं स्वतःचं एक वाकडेपण असतं आणि रिंग ते वाकडेपण पोटात घेते. तुम्ही दोन्ही सुतळीने बांधून द्यायचात. "निकाह लागला," म्हणायचात, "आता तलाक मी करून देणार नाही." लग्नाआधीचे व्हिडिओ काढणारी पोरं त्या जोड्यांवर तुटून पडली. आज नांदेडच्या वजिराबादेत माझं दुकान आहे, दुकानावर माझं नाव आहे. ते तुमच्या सुरम्यावर उभं आहे. हे मी तुम्हाला कधी तोंडाने बोललो नाही.

उलट काय केलं ते लिहितो. आधी माझं लिहितो, मग शैलेशचं.

तुम्ही रिंगच्या कडेवर पोगराने, म्हणजे टोकदार खिळ्याने, एक बारीक ठिपका मारायचात, तुमची खूण. आणि मी गिऱ्हाइकाला सांगायचो, "जपानहून येतात." गिऱ्हाईक विचारायचं, हा ठिपका कसला? मी काहीतरी फेकायचो. मग एकदा तुमच्याच दुकानात, तुमच्याच समोर, तुमचीच कानस उचलून मी तो ठिपका घासून काढला. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, खरं सांगतो.

तुम्ही माझ्या कानाखाली जी ठेवून दिलीत, तिने माझ्या डाव्या कानात संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजत होती. घड्याळजीचा हात नाजूक असतो असं म्हणणाऱ्याने तो खाऊन बघावा.

"लातूरात बनलं म्हणून सांगायची लाज वाटती का रे?"

मीही तुमची गचांडी धरली. "लातूर म्हटलं की लोक तूरडाळीचा भाव विचारतात! जपान म्हटलं की गप घेतात!"

"मग जपानलाच जा! काचेवर तिकडंच घास!"

भिंतीवरचं एक घड्याळ खाली आलं त्या झटापटीत. जुबेदाभाभी वरून जिन्यात आल्या आणि म्हणाल्या, "दोनो मरो, पन घड्याळ गिऱ्हाइकाचं हाय." आम्ही दोघं गुडघ्यावर बसून त्याचे काटे शोधू लागलो. काटे सापडले तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "बाहर नक्को ना? ठीक. बाहर नहीं मारता."

मी समजलो तुम्ही हार मानली. तुम्ही घड्याळजी आहात हे मी विसरलो होतो. तुम्हीच मला एकदा एका जुन्या मनगटी घड्याळाचं मागचं झाकण उघडून दाखवलं होतं. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक बारीक खुणा. ज्या ज्या घड्याळजीने ते दुरुस्त केलं त्याची खूण. मालकाला ते आयुष्यभर दिसत नाही, पुढच्या कारागिराला दिसतं. "ये हमारा कब्रस्तान," म्हणाला होतात, "नाव आतमें रहता."

आता शेवटच्या भेटीचं.

मी नांदेडला बसून मोबाइलवर शैलेशचा व्हिडिओ पाहिला. हा शैलेश लातूरचाच, कॅमेऱ्याचं मोठं दुकान, काचेचं दार, आत एसी. व्हिडिओत टेबलावर रिंगा मांडलेल्या आणि तो सांगतोय, "ही माझी स्वतःची पद्धत, वर्षं घालवली यावर." रिंगा तुमच्या होत्या. मी त्या डोळे मिटून ओळखतो. तुमच्याकडे सोडलेल्या माझ्या लेन्सांसाठी तुम्ही बिस्किटाच्या डब्यात करून ठेवलेल्या होत्या, मी त्या पुढच्या आठवड्यात न्यायला येणार होतो.

लोहा, अहमदपूर, लातूर. एसटीत मी उभाच होतो, जागा असून बसलो नाही. दुकानात आलो, डबा उघडला. रिकामा.

"विकल्या?"

तुम्ही वर पाहिलं नाही. "गेल्या, बालाजी. दुसऱ्या बनवून देतो."

"शैलेशला विकल्या?"

"गेल्या म्हटलं ना."

"मी गोणी वाहिल्या, मी मार खाल्ला, आणि तुम्ही त्या एसीवाल्याला विकल्या?"

मी किती शिव्या दिल्या ते या अंकात छापता येणार नाही. तुमच्या अब्बांनाही सोडलं नाही. तुम्ही तरी गप्प. त्या गप्प बसण्याने माझं डोकं फिरलं. मी ती काच उचलली, सुरम्यासकट, आणि उंबऱ्यावर आपटली.

आवाज अजून कानात आहे. कुठल्या तरी पोत्यातून ज्वारी सांडावी तसे तुकडे रस्त्यापर्यंत गेले. एक तुमच्या पायात घुसला. काळ्या तेलावरून रक्त आलं. तुम्ही खाली पाहिलं, पायाकडे नाही, काचेकडे. मग म्हणालात, "झालं समाधान? आता जा. हात धू, बारीक काच असंल बोटात."

हे तुमचं मला शेवटचं वाक्य. मी हात न धुता निघून गेलो. तीन आठवडे फोन केला नाही. चौथ्या आठवड्यात फोन आला तो भाभींचा.

तुमच्या मातीला आलो, तीन मुठी टाकल्या आणि कुणाशी न बोलता परत गेलो. माझा राग शाबूत होता, मकबूलभाई. लोक मेल्यावर राग विझतो म्हणतात. माझा विझला नव्हता. त्याच रागात घरी येऊन मी माझी ती देगलूरची पहिली रिंग काढली. ठरवलं होतं, हातोड्याने चपटी करून टाकायची. हातोडा उचलला आणि का कोण जाणे, वाटलं, आधी स्क्रू काढावेत, ते कामाला येतील. माझी लालूच. त्या लालचीने रिंग वाचली.

चार स्क्रू काढले. कड्याखाली पन्नीचा तुकडा होता. चांदीच्या बाजूवर सुईने ओरखडे, उलट्या बाजूला छापील इंग्रजी अक्षरं, गोळीच्या नावाची अर्धी. मग दुकानातल्या माझ्या सगळ्या रिंगा खोलल्या. प्रत्येकीत तशीच पन्नी. तुकडे जुळवून नाव पुरं केलं आणि खालच्या मेडिकलवाल्याला दाखवलं.

तो म्हणाला, "छातीत कळ आली की ही जिभेखाली ठेवायची. कुणाची हाय?"

"माझ्या मित्राची. पण तो पन्नी कापून घेऊन गोळ्या पुडीत बांधून ठेवायचा."

त्याने मान हलवली. "तसं करायचं नसतं. उघडी पडली की हिचा जोर उतरतो."

मी त्याच्या काउंटरवर डोकं आपटलं. खोटं नाही लिहीत, दोनदा आपटलं, त्याची बरणी पडली. किती रिंगा करून घेतल्या मी तुमच्याकडून? प्रत्येक रिंगेला एक पन्नी. प्रत्येक पन्नीमागे उघडी पडलेली गोळी. त्या दिवशी पुडीतली गोळी तुम्ही जिभेखाली ठेवलीत का, ती चालली का, नाही चालली, हे मला कुणी सांगू शकत नाही. भाभी म्हणतात वेळच नव्हता. त्या माझ्यासाठी म्हणतात का खरं म्हणतात ते मला ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पन्नीचे तुकडे कागदात बांधून भाभींकडे गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि आधीच सांगितलं, "ओरडायचं न्हाई. ओरडलास तर सांगणार न्हाई."

मग सांगितलं. तुम्ही काही विकलं नव्हतं. शैलेश महिनाभर दुकानात येऊन बसायचा. चाचा म्हणायचा, चहा आणायचा, मोबाइलवर तुमच्या हाताचे व्हिडिओ घ्यायचा. एक दिवस म्हणाला, डबा द्या, नुसते फोटो काढतो, मोठ्या प्रदर्शनात तुमचं नाव लावतो. नाव लावतो म्हणाला, मकबूलभाई. ज्या नावाचा ठिपका मी कानशीने काढला होता, ते नाव लावतो म्हणाला, आणि तुम्ही डबा दिलात. डबा परत आला नाही. तुम्ही दुखऱ्या छातीने त्याच्या काचेच्या दारापर्यंत दोनदा चालत गेलात आणि तुम्हाला बाहेरच सांगण्यात आलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

मी भाभींना विचारलं, "मला का नाही सांगितलं? मी काच फोडली तरी का नाही सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "उनो बोले, नक्को बोल बालाजी कू. उसका हात पहले चलता. काच फूटी तो फूटी, शैलेश का सर तो बचा. बालाजी जेल में गया तो मेरे कू लेन्सा कौन लाके देगा?"

मी ओरडलो नाही. पाण्याचा पेला मात्र हातात चेपला.

भाभींनी मग तुमचं टेबल दाखवलं. फुटलेल्या काचेतला सगळ्यात मोठा तुकडा तुम्ही उचलून आणला होता, त्याच्या धारा दगडावर घासून बोथट केल्या होत्या, आणि त्यावर सुरमा कालवून माझ्यासाठी पुन्हा रिंगा करायला घेतल्या होत्या. हाताच्या पंजाएवढी काच. तिच्यावर जेमतेम एक कडं फिरतं. चार झाल्या होत्या. पाचवीचे स्क्रू बशीत होते.

मी पन्नीचे तुकडे भाभींपुढे उलगडले आणि विचारलं, हे ओरखडे कसले? त्यांनी चष्मा लावला, तुकडा उजेडात धरला.

"ओरखडे न्हाई. उर्दू हाय. हा मीम, म्हणजे म. मकबूल."

"आणि हा बाजूचा?"

"बे."

"बे म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बालाजी."

देगलूरच्या पहिल्या रिंगेत आणि भांडणाआधीच्या बाकी रिंगांत एकटा मीम होता. त्या कानाखालच्या भांडणानंतरच्या प्रत्येक रिंगेत दोन अक्षरं होती. मी तुमचं नाव बाहेरून पुसलं, आणि तुम्ही आत माझं नाव तुमच्या शेजारी लिहीत बसलात. एवढ्या वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीत. म्हणून म्हणतो, तुम्ही मला फसवलं. आजार लपवलात, चोरी लपवलीत, हेही लपवलंत. मला भांडायची एकही संधी दिली नाहीत. मी ज्याच्यावर काच फोडली तो माणूस निर्दोष होता, आणि ते त्याला माहीत होतं, मला नव्हतं. याला फसवणं नाही तर काय म्हणायचं?

शोकसभेत तुमचा जो फोटो लावला होता तो आधारकार्डावरून मोठा केलेला, नुसते चौकोन. लोक मला विचारतात, तुझ्याकडे चांगला फोटो असेल. माझ्याकडे कॅलेंडरचे शेकडो फोटो आहेत. प्रत्येकात डाव्या कडेला तुमची चार बोटं आहेत, कॅलेंडर दाबून धरलेली, नखांत सुरमा. देगलूरला जी बाजू धुरकट आली होती, तीच बाजू. आता तिथं तुमच्या नखावरची रेघसुद्धा मोजता येते. तोंड एकातही नाही.

आता माझं उत्तर मी देऊन टाकतो. काच मी फोडली. ठिपका मी पुसला. जपान खोटं होतं. ज्यांनी ज्यांनी माझ्या दुकानातून जोड्या नेल्या त्यांनी ऐकावं, त्या लातूरात मकबूल घड्याळवाल्याने केल्या. दुकानाच्या दारावर तसा बोर्ड लागला आहे. ज्याला याबद्दल मला जोडा मारायचा असेल त्याने यावं, मी हात वर करणार नाही.

शैलेश, आता तू. मी स्टँड मारला ते चुकलं, ती माझी जुनी खोड आहे आणि मकबूलभाईंनी तिचीच भीती धरून तुला वाचवलं. तुझं डोकं आज खांद्यावर आहे ते त्यांच्या गप्प बसण्यामुळे. म्हणून हात लावत नाही. त्यांच्या चाळिसाव्या दिवशी भाभींच्या दारात माणसं जमतील. तू ये. शोकसभेत वर धरून दाखवलीस ती रिंग घेऊन ये. स्क्रूड्रायव्हर मी आणतो. सगळ्यांच्या समोर चार स्क्रू सोडव, कडं उचल, आत कुणाच्या छातीच्या गोळीची पन्नी आहे ते दाखव, आणि तिच्यावर कुणाचं नाव कोरलंय ते मोठ्याने वाच.

वाचता येणार नाही तुला. भाभी वाचून दाखवतील. तू फक्त समोर उभा राहा आणि ऐकून झाल्यावर सांग, डोकं कुणाचं होतं.